इंजिन तापवण्याचा रिवाज

पौष महिन्यातली पहाट. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात युसूफ वडगाव नावाचे गाव आहे. अशा गावात थंडीच्या दिवसांत पहिली जाग कोंबड्याला येते आणि दुसरी इंजिनाला. कुणाच्या तरी वाड्यासमोर जीप सुरू होते, पलीकडच्या आळीत ट्रॅक्टर खोकल्यासारखा आवाज काढून एकदाचा लागतो. पण लागल्या लागल्या हलत मात्र नाही. मालक तोंडात दातवण धरून शेजारी उभा असतो. सायलेन्सरमधून धूर निघत असतो. कुणी विचारलेच, तर ठरलेले उत्तर मिळते, 'तापू द्या जरा.'

या तीन शब्दांना शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. यंत्र कामाला लावण्याआधी त्याला ऊब द्यायची, हा रिवाज आपल्याकडे आला कुठून? तो कशासाठी होता? आणि ज्या कारणासाठी तो पडला, ते कारण आज शिल्लक आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना आगगाडीपासून विजेवरच्या बसपर्यंतचा प्रवास होतो. आज तोच करू या.

प्रथम आपल्या थंडीविषयी. मराठवाड्याची थंडी बोचरी खरी. पण जगाच्या हिशेबाने ती सौम्यच. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेचा पारा साधारणपणे दहा ते चौदा अंशांच्या घरात असतो आणि उत्तरेकडून लाट आली की त्याहून खाली उतरतो. परभणी आणि नाशिकजवळचे निफाड ही नावे त्या दिवसांत बातम्यांत हमखास झळकतात. पण आपल्याकडे नद्या गोठत नाहीत. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशात एके काळी रात्री गाडी उभी करताना तिच्यातले पाणी काढून टाकावे लागे. कारण पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो आणि इंजिनाचे बीड तडकते. सकाळी पुन्हा गरम पाणी ओतून गाडी सुरू करायची. आपल्यावर ती वेळ कधी आली नाही. तरीही इंजिन तापवण्याची सवय आपल्याकडे घट्ट रुजली. याचे कारण असे की ती सवय केवळ थंडीतून आलेली नाही. ती यंत्राच्या स्वभावातून आलेली आहे.

आपल्या भागाने पाहिलेले पहिले मोठे चालते यंत्र म्हणजे वाफेचे इंजिन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या खटपटीतून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ही चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोचली. मांजरेच्या पलीकडे, कळंबच्या नावाचे 'कळंब रोड' स्टेशन याच मार्गावरचे. वाफेच्या इंजिनाला 'बटण दाबले की सुरू' हा प्रकार ठाऊक नव्हता. गाडी सकाळी सुटायची असेल, तर मध्यरात्रीनंतरच कुणी तरी शेडमध्ये जाऊन भट्टी पेटवायची. थंड बॉयलरखाली एकदम जाळ केला, तर पत्रे आणि नळ्या कमी-जास्त प्रमाणात फुगतात, सांधे सुटतात, गळती लागते. म्हणून जाळ हळूहळू वाढवायचा आणि वाफेचा दाब काट्यावर हवा तेवढा दिसेपर्यंत काही तास वाट पाहायची. 'आधी तापव, मग चालव' हा धडा माणसाने तिथे गिरवला. पुढे मोटार आली तेव्हा तो धडा पाठच होता.

मोटार आली ती मात्र वेगळ्या तऱ्हेची भट्टी घेऊन. वाफेच्या इंजिनाची आग बाहेर. मोटारीची आग पोटात. बीड जिल्हा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने १९३२ साली रेल्वे खात्याच्या अखत्यारीत प्रवासी बसगाड्या सुरू केल्या. सुरुवात अवघ्या २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्यावर झाली. ज्या रस्त्यांना सरकारी गाडी नव्हती, तिथे खासगी सर्व्हिस मोटारी धावत. गाडी सुरू करणे हा त्या काळी एक स्वतंत्र व्यवसायच होता, आणि तो करणाऱ्याचे नाव क्लीनर. पुढच्या बाजूने लोखंडी हँडल खुपसायचे आणि अंगातले सगळे बळ एकवटून फिरवायचे.

थंडीत हे काम दुप्पट जड व्हायचे. कारण तेल. रात्रभर थंड झालेले इंजिन ऑइल काकवीसारखे घट्ट होते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये, बेअरिंगांमध्ये तेच तेल असते. ते घट्ट झाले की सगळे यंत्रच आळसावते. त्यात हँडलचा एक खोडसाळपणा असा की ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलटे फिरते आणि हँडल हाताला झटका देते. त्यात कित्येकांची मनगटे मोडली. म्हणून हँडल धरताना अंगठा त्याच्याभोवती गुंडाळायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हा क्लीनर मंडळींचा पहिला मंत्र होता. एवढ्या कष्टाने लागलेली गाडी पुन्हा बंद पडू नये, म्हणून ती काही वेळ जागेवर चालू ठेवणे हे शहाणपणाचेच होते. 'तापू द्या जरा' या वाक्यामागे क्लीनरचे मनगटही आहे, हे आपण विसरता कामा नये.

दुसऱ्या महायुद्धात या रिवाजाने एक विलक्षण वळण घेतले. पेट्रोलवर रेशन आले. मग मोटारींच्या पाठीमागे लोखंडी शेगड्या बसल्या. शेगडीत कोळसा अर्धवट जाळायचा, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा आणि त्यावर गाडी चालवायची. कोळशाच्या गॅसवरची ही सर्व्हिस मोटार त्या पिढीच्या आठवणीत कायमची राहिली. गाडी सुटण्याच्या बराच आधी क्लीनर शेगडी पेटवी आणि हाताने पंखा फिरवून निखारे फुलवी. वायू जळण्याजोगा झाला की मगच गाडी निघे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे, प्रसंगी ढकलायचे. म्हणजे वाफेच्या गाडीची भट्टी फिरून मोटारीच्या पाठीवर बसली होती. युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले आणि शेगड्या भंगारात गेल्या. पण गाडी निघण्याआधी तिची काही तरी पूजा बांधावी लागते, ही समजूत मागे राहिली.

आता पेट्रोल गाडीच्या पोटात थंडीत नेमके काय होते, ते पाहू. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याची वाफ व्हावी लागते आणि ती हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. हे मिश्रण करणारे साधन म्हणजे कार्बोरेटर. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तेच तत्त्व चालत राहिले. यंत्र गार असले की फवाऱ्यातले पुष्कळसे पेट्रोल थंड नळीला आणि भिंतींना चिकटून बसते. सिलिंडरपर्यंत पोचणारी वाफ कमी पडते आणि गाडी लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे चोक. चोक ओढला की हवेची वाट अरुंद होते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. फियाट, अ‍ॅम्बॅसेडर, आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्या चालवलेल्यांना तो चोक ओढण्याचा हात अजून आठवत असेल. चोक किती ओढायचा, कधी सोडायचा, यावर माणसाची परीक्षा होई. लवकर सोडला तर गाडी बंद. विसरला तर काळा धूर आणि पेट्रोलची नासाडी. अशा गाडीला दोन-चार मिनिटे जागेवर चालू ठेवणे ही चैन नव्हती, गरज होती.

मधल्या काळात हँडलची कटकट मात्र संपली होती. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. तीच युक्ती त्याने मोटारीसाठी वापरली. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत ती आली. आपल्याकडे तिला नुसते 'सेल्फ' म्हणतात. पण थंडीत बॅटरीचाही जीव लहान होतो. तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमके त्याच वेळी घट्ट तेलामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून जुनी बॅटरी हमखास थंडीतल्या सकाळीच दगा देते, आणि मग 'अरे, या रे चार पोरं' अशी हाक जाते. धक्का मारून गाडी सुरू करणे हा आपल्या गावांचा सार्वजनिक हिवाळी व्यायाम होता. आजही तो पुरता बंद झालेला नाही.

डिझेलची तऱ्हा आणखी निराळी. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. त्यात ठिणगीच नाही. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटते. पण भोवतीचे लोखंड गार असेल, तर दाबलेल्या हवेची उष्णता ते शोषून घेते आणि डिझेल धड पेटत नाही. मग पांढरा धूर, खडखडाट आणि मालकाचा त्रागा.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याची डिझेलशी ओळख मोटारीपेक्षाही विहिरीवर झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने बनवली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे मोटेची जागा इंजिनाने घेतली. त्या इंजिनाला हँडल मारण्याआधी डोक्यावरची छोटी दांडी उचलून आतला दाब मोकळा करायचा, चाक भरात आले की दांडी सोडायची. थंडीत दोन-तीनदा हे केल्याशिवाय इंजिन बोलत नसे. डिझेल जीपमध्ये यासाठी 'हीटर' असे. चावी फिरवून किंवा बटण दाबून धरून मनातल्या मनात वीस-पंचवीस आकडे मोजायचे. तेवढ्या वेळात सिलिंडरमधली तार लालभडक होई, मग सेल्फ मारायचा. आजच्या डिझेल गाडीतही समोर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो, तो याच हीटरचा. तो विझेपर्यंतचे दोन-चार क्षण थांबावे, एवढेच आता त्याचे मागणे आहे.

एसटीची गाडी तर या विषयातली सर्वांत ओळखीची. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. त्या दिवशी बीड जिल्हा अजून निजामाच्या राज्यातच होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. गावात मुक्कामाला आलेली एसटी पहाटे सुरू होऊन बराच वेळ धडधडत उभी राहते, हे दृश्य दोन-तीन पिढ्यांनी पाहिले आहे. उतारूंना वाटते की डायव्हर इंजिन तापवतो आहे. ते अर्धेच खरे. एअर ब्रेकच्या बसला आणि ट्रकला ब्रेकसाठी दाबाची हवा लागते. रात्रभरात टाक्यांतली हवा उतरते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर ती पुन्हा भरतो आणि काट्यावर पुरेसा दाब दिसेपर्यंत गाडी हलवायची नसते. कारण तो उतारूंच्या जिवाचा प्रश्न असतो. तेव्हा एसटीचे ते थांबणे आणि दारातल्या मोटारीचे थांबणे यांत महदंतर आहे. एकाचे पाहून दुसऱ्याने करावे, असे ते नाही.

मग बदलले काय? दोन गोष्टी बदलल्या. पहिली तेलाची. पूर्वी थंडीचे तेल वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे असा प्रकार असे. पुढे दोन्ही ऋतूंना चालणारी तेले आली. डब्यावर '२० डब्ल्यू ४०' किंवा '५ डब्ल्यू ३०' असे आकडे असतात. त्यातला 'डब्ल्यू' हा 'विंटर' या शब्दातला. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत कमी घट्ट होते आणि इंजिन सुरू होताच लवकर वरपर्यंत पोचते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले तेल घातले असेल, तर आपल्या थंडीत काही क्षणांतच ते सर्वत्र फिरते.

दुसरी गोष्ट कार्बोरेटरची. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. २००० नंतर मोटारींमधून कार्बोरेटर हद्दपार होऊ लागला आणि त्याच्या जागी इंधनाचा मोजून फवारा मारणारी यंत्रणा आली. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम देशभर लागू झाले, तेव्हा मोटारसायकलींतही बहुतेक ठिकाणी तीच यंत्रणा आली. इंजिन किती गार आहे, हे आता एक छोटा सेन्सर मोजतो आणि किती पेट्रोल सोडायचे, हे एक छोटा संगणक ठरवतो. चोक ओढणारा हात गेला, क्लीनर गेला, हँडल गेले. राहिले ते फक्त 'तापू द्या जरा.'

आणि इथे जुने शहाणपण उलटे पडते. जागेवर चालू असलेल्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते फार सावकाश तापते. गार असेपर्यंत त्यात इंधन जास्त सोडले जाते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. म्हणजे ज्या झिजेच्या भीतीने आपण थांबतो, तिलाच आमंत्रण देतो. धूर शुद्ध करणारे जे साधन सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेले असते, तेही अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तेव्हा गार इंजिनाचा धूर हा सर्वांत घाण धूर. शिवाय गिअरबॉक्स, चाकांची बेअरिंगे आणि टायर हे गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत. म्हणून आजच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरे. मग निघावे आणि पहिले दोन-तीन किलोमीटर बेताने चालवावे. एकदम रेस करू नये, गिअर ताणू नये. काच धुक्याने झाकली असेल, तर ती स्वच्छ पुसूनच निघावे; ते थांबणे डोळ्यांसाठी, इंजिनासाठी नव्हे.

थोडा हिशेबही करू. लहान मोटार जागेवर उभी राहून तासाला साधारण सहाशे मिलिलिटर पेट्रोल पिते, असे धरून चाला. रोज दहा मिनिटे तापवली तर शंभर मिलिलिटर. हिवाळ्याचे चार महिने धरले, तर बारा लिटर. बारा लिटर पेट्रोल एक कोसही न चालता उडाले! आणि हे एका गाडीचे.

पैशापेक्षा मोठी गोष्ट श्वासाची आहे. आपल्या भागात हा काळ गळीत हंगामाचा. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखोंच्या संख्येने ऊसतोड कामगार कोयता घेऊन बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. त्यांत बायकामुले झोपलेली असतात. पहाटे ट्रॅक्टर सुरू होतो तो बऱ्याचदा कोपीच्या दारातच, आणि वाऱ्याची दिशा कुणी बघत नाही. जुन्या डिझेल इंजिनाला थोडे तापू द्यावे लागते, हे मान्य. पण ते वीस पावले दूर, सायलेन्सरचे तोंड माणसांपासून वळवून करता येते. बंद शेडमध्ये, दारे लावलेल्या गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. माणसाला गुंगी येते आणि तो झोपेतच जातो. बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात. तिथेही मारेकरी हाच वायू.

याचा अर्थ थंडीचा प्रश्न सगळीकडेच सुटला आहे, असे नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश उतरतो. डिझेलमधले मेण गोठते, जाळी तुंबते आणि गाडी अडते. तिथे ट्रकच्या टाकीखाली स्टोव्ह पेटवण्याची जिवावरची कसरत वर्षानुवर्षे चालत आली. त्यावर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले. लडाखच्या डायव्हरने इंजिन तापवले, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. रिवाज चूक की बरोबर, हे स्थळ, काळ आणि यंत्र पाहून ठरते.

म्हणूनच युसूफ वडगावच्या शेतकऱ्याला सरसकट 'तापवू नका' असा उपदेश करणेही बरे नव्हे. एकाच अंगणात तीस वर्षांचा ट्रॅक्टर असतो, चोकची जुनी मोटारसायकल असते आणि मुलाने परवा घेतलेली नवी मोटारही असते. तिघांचे नियम तीन. जुन्या ट्रॅक्टरला दोन-तीन मिनिटे द्यावीत, चोकची गाडी स्थिर होईपर्यंत थांबावे, नवीला मात्र लागलीच हळूहळू वाटेला लावावे. आजोबांचा अनुभव खोटा नव्हता. तो त्यांच्या यंत्राचा होता.

१ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या त्याच पहिल्या मार्गावर एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस धावली. तिच्यात ना तेल तापायचे, ना डिझेल पेटायचे. ब्रेकची हवा मात्र तिलाही भरून घ्यावी लागते, आणि थंडीत तिच्या बॅटरीची ताकद थोडी घटते. म्हणजे यंत्र बदलले तरी थंडीशी त्याचे काही ना काही देणेघेणे राहतेच. आपण एवढेच करावे, की दर पिढीला आपल्या दारातल्या यंत्राला नव्याने विचारावे, 'बाबा, तुला काय हवे?' वडिलांनी त्यांच्या यंत्राला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या यंत्राला लागू पडेलच असे नाही.